दिवाणाचा चौथा पाय

बेलगट्ट्याचे गुणवंतराव ज्या दिवाणावर बसून लोकांचे निवाडे करीत, त्या दिवाणाचे तीन पाय एका घरचे होते आणि चौथा भलत्याच घरचा. तीन पाय जुन्या सागवानाचे, कातलेले, प्रत्येकावर तीन कडी कोरलेली आणि वर लाल लाखेचा मुलामा. चौथा म्हणजे सुताराने कुठल्यातरी फळकुटातून काढलेला चौकोनी ठोकळा. गुणवंतराव वर बसत, त्यामुळे त्यांना तो कधी दिसत नसे. समोर भुईवर बसणाऱ्यांच्या मात्र तो नेमका डोळ्यांसमोर येई. अकरा वर्षं लोक त्या ठोकळ्याकडे बघत शिव्या खात होते, आणि खाताना मनातल्या मनात थोडं हसूनही घेत होते. मोठ्या माणसाची एवढी एक खोट सापडली तरी गरिबाला पुष्कळ दिवस पुरते.

देवकाबाई ढिवरीण मात्र हसली नाही. चोपन्न सालच्या मार्गशीर्षात ती शिंगाड्यांची पाटी घेऊन त्या ओसरीवर गेली, भुईवर बसली आणि तिने त्या पायांवरची कडी पाहिली. एक, दोन, तीन. तिची बोटं आपोआप वळली. ही कडी तिने आधी मोजलेली होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी, तलावाच्या तळाशी, गळ्याइतक्या पाण्यात उतरून. पाटी रिकामी करून ती मुकाट घरी आली. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी तिला जेवण गोड लागलं.

आता ती कडी तळाशी कशी गेली, हे कळायचं तर तलाव कळला पाहिजे.

बेलगट्ट्याचा तलाव फार जुना. मातीची उंच पाळ आणि पाळीच्या पोटाशी तुडूम. तुडूम म्हणजे पाण्यात उतरत गेलेला दगडी जिना. दर पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी दट्ट्या. वरचा दट्ट्या काढला की वरचं पाणी पाटाने धानाला जातं, ते सरलं की त्याच्या खालचा काढायचा. हे काम पाणकराचं. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती पाणी, हे पाणकर ठरवणार आणि त्यात गावाचा मालक असलेल्या मालगुजारानेही तोंड घालायचं नाही, अशी रीत होती. दट्ट्या उंबराचाच हवा, कारण उंबर पाण्यात फुगतो आणि भोक घट्ट धरून बसतो. सगळ्यात खालचा दट्ट्या मात्र कोणी काढायचा नाही, मग धान वाळो की माणूस वाळो. तेवढं पाणी माशांचं. त्यावर ढिवरांची बारा घरं जगत, आणि खरं बोलायचं तर गावच्या विहिरीही त्यावरच जगत. तलावात ओल असेल तर विहिरीला पाझर. हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण विहिरीत घागर सोडणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं.

देवकाबाईचा नवरा केवळराम तिथला पाणकर होता. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या साली पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. तुडूमाचे वरचे सगळे दट्ट्ये निघाले. गुणवंतराव तेव्हा मालगुजार. त्यांचं भारी, उशिरा पिकणारं धान नेमकं पोटरीला आलेलं, आणखी एक पाणी मिळालं असतं तर तरलं असतं. त्यांनी केवळरामाला बोलावून खालचा दट्ट्या काढायला सांगितलं. केवळरामाने हात जोडले.

"मालक, वरचं सारं पाणी तुमाले देलं. हे माशाचं हाय. हे मी नाई काढत."

तिसऱ्या दिवशी सकाळी ढिवर जाळी घेऊन आले तेव्हा तलावात चिखल होता आणि चिखलात मासे तडफडत होते. गुणवंतरावांच्या बांध्यांत मात्र गुडघाभर पाणी. गुणवंतरावांनी गावाला समजावून सांगितलं, की पाणकराने शेजारच्या गावाशी संधान बांधून पाणी सोडलं आणि ते वाटेत आपल्या शेतात शिरलं, त्याला आपण काय करणार. मालगुजार बोलला म्हणजे खरंच असणार. ढिवरांची पंचायत बसली आणि केवळरामाला जातीबाहेर घालण्यासाठी पहिला हात वर केला तो खुशालने, त्याच्या पाठच्या सख्ख्या भावाने.

केवळराम टेकडीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत पंपावर कामाला लागला. दोन वर्षांत तापाने गेला. बारा घरांतून एक खांदा मिळाला नाही. खाणीतल्या चार परक्या मजुरांनी त्याला उचललं, दोन तेलुगू बोलणारे आणि दोन छत्तीसगढी. त्यांना त्याचं नावही धड घेता येत नव्हतं. देवकाबाई मागून एकटी चालत गेली. वाटेवर ढिवरांची दारं लागली. बाराही बंद होती आणि बाराही तिने मोजली.

बाई तेव्हा रडली असेल तर खाणीकडच्या वाटेवर रडली असेल, गावाने तिचं पाणी पाहिलं नाही. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, मासेमारी ढिवरांच्या सोसायटीकडे आली आणि खुशाल तिचा अध्यक्ष झाला. पण तुडूम कोणाला कळेना. दोन पावसाळे बांध्यांवर डोकी फुटली. शेवटी खुशाल वहिनीच्या दारात आला, पंचायतीने काढून घेतलेली केवळरामाची पाणकराची काठी तिच्यापुढे ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला. झालं ते चुकलं, असं तो म्हणाला नाही. तिने काठी उचलली. तिला तलावाजवळ राहायचंच होतं.

कारण माशांचं पाणी दर उन्हाळ्यात थोडं थोडं नाहीसं होत होतं. लोक खाणीच्या पंपांना शिव्या देत, आणि त्यात फार खोटंही नव्हतं. पंप लागल्यापासून विहिरींचे दोर लांब होत गेले होते. पण पाळीखालच्या गुणवंतरावांच्या शेतात वैशाखातही हिरवं गवत असे. "वाडवडिलांची पुण्याई," गुणवंतराव सांगत. पुण्याई नेमकी तुडूमाच्या तोंडाशीच कशी उगवते, हा प्रश्न एका देवकाबाईलाच पडला. एका उन्हाळ्यात ती उतरली, खालचं भोक चाचपलं, आणि दट्ट्याच्या जागी तिच्या बोटांना कडी लागली. एक, दोन, तीन. लाकूड सागवान, भोवती पोत्याच्या चिंध्या, भोकाचा दगड सब्बलीने, म्हणजे पहारीने, फुटलेला.

सागवान पाण्यात फुगत नाही. पलंगाला, दाराला, खुर्चीला त्याच्यासारखं लाकूड नाही, आणि दट्ट्याला त्याच्याइतकं वाईट नाही. ढिवराच्या हातून असली चूक जन्मात झाली नसती. उंबराचं झाड तर पाळीवरच उभं होतं. हे काम गुणवंतरावांच्या हवेलीतल्या माणसाचं. दट्ट्या सब्बलीने फोडला, धान भिजल्यावर पाणी थांबेना, तेव्हा जे हाताला लागलं ते ठोकलं. दिवाळीआधी दिवाण रंगाला काढला होता, पाय सुटे पडले होते, हे सगळं पुढे तिने त्या ओसरीवर बसून, सुताराला पडलेल्या शिव्यांच्या जुन्या आठवणी काढून काढून जुळवलं. पाय हरवला म्हणून त्या सुताराचं नाव गुणवंतराव अजून तोंडभरून घेत होते.

पण हे ओरडून सांगण्यात शहाणपण नव्हतं. तूच नेऊन घातला असशील, असं म्हणायला कोणाला वेळ लागला असता? तो पाय वर यायचा तर हवेलीच्याच हाताने, साऱ्या गावासमोर, दिवाणाशेजारी यायला हवा होता. आणि माशांचं पाणी तर कोणी काढत नसतं, त्यामुळे खालचं भोक उघडायची वेळच येत नव्हती. देवकाबाई वाट बघत बसली. तिचा राग शिळा होणारा नव्हता.

तीन वर्षांनी, सत्तावन्न साली, तिला हवी ती वेळ चांद्याच्या जिल्हा कचेरीतून एका योजनेच्या रूपाने चालत आली.

झालं असं, की खाणीचे पंप जमिनीखालचं पाणी उपसून नाल्यात ओतत. मजुरांच्या न्हाणीघराचं काळं पाणीही तिथेच जाई. देशकर नावाच्या इंजिनियरने खाणीपाशी तीन कुंड्या बांधल्या होत्या. पहिलीत कोळशाचा गाळ बसे, दुसरीत वाळू-गोटे पाणी गाळत, तिसरीत लव्हाळं लावलेलं. तिसरीतून निघणारं पाणी पिण्याचं नव्हे, पण स्वच्छ. लोकांनी त्याला नाव दिलं धुवण. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. मग खाणीकडच्या धोब्याचे कपडे पांढरे निघाले, वीटभट्ट्या चालल्या, खाणीच्या बागेत वांगी लागली, आणि नाकं हळूहळू सरळ झाली.

आता हेच धुवण दोन मैल पाट खणून बेलगट्ट्याच्या तलावात आणायचं होतं. बागा, भट्ट्या, धोबी, गुरं आणि धानाची पऱ्ही, म्हणजे रोपं, सगळी धुवणावर, आणि विहिरी फक्त पिण्यासाठी राखायच्या. खाणीने पाणी द्यायचं, नगरपालिकेने पाट खणायचा, ढिवरांच्या सोसायटीने तलाव द्यायचा. तिघांची भागीदारी. खाणीमुळे वाढलेल्या गावाला आता नगरपालिका होती आणि तिचे अध्यक्ष गुणवंतराव. मालगुजारी गेली तरी दिवाण कुठे गेला होता? त्यांच्या संत्र्याच्या बागेची विहीर आटली होती, निवडणूक तोंडावर होती, आणि ही योजना आपल्या नावावर लागावी म्हणून ते घायकुतीला आले होते.

देशकर हा कोरडा, कमी बोलणारा माणूस. त्याने एकच विचारलं, "सह्या कोणीही करील. पण तुडूम कोण उघडतं?"

म्हणून एका सकाळी देशकर, गुणवंतराव आणि खुशाल असे तिघे पाळीच्या टोकाला देवकाबाईच्या झोपडीपुढे येऊन उभे राहिले. गुणवंतराव तिच्या दारात पहिल्यांदाच आले होते.

"देवका, अंगठा दे," गुणवंतराव म्हणाले. "गावाचं भलं होऊन राह्यलं."

"देतो ना, अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. तिच्या मुलखात बायाही असंच बोलतात. "पण तलाव गाळानं भरला. नवं पाणी ओतून काय फायदा? मासे बाजूच्या लहान तळ्यात, बोडीत हलवतो आमी. मंग खालचा दट्ट्या काढा, गाळ उपसा आन् नवा दट्ट्या ठोका."

देशकरने मान डोलावली. त्यालाही तेच हवं होतं.

"दट्ट्या आमच्या कोणाच्यानं निंगणार नाई," ती पुढे म्हणाली. "तुमच्या पत्रूभाऊले धाडा. त्याच्या अंगात जोर हाय."

"पाठवतो. अजून काय?"

"सह्या इथीच करा, पाळीवर, उंबराखाली. साऱ्या गावासमोर. आन् साहेब लोकं का भुईवर बसतीन? तुमचा दिवाण आणा."

गुणवंतरावांची मान चार बोटं वर झाली. ढिवरणीला एवढी रीतभात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दिवाण आणतो म्हणाले. त्यांना त्या रात्रीचा हुकूम आठवत होता, पण हुकमाला काही खूण राहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भोक कशाने बुजवलं ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. असल्या गोष्टी नोकर बघतात.

नोकराच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. पत्रू पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, हवेलीवरच म्हातारा होत चाललेला. चार दिवसांनी भर दुपारी तो दोर आणि सब्बल घेऊन तुडूमाशी आला. देवकाबाई उंबराच्या सावलीत जाळं विणत बसली होती. सह्या होईपर्यंतचे पंधरा दिवस ती तिथून हलणारच नव्हती.

"काय आणलं, पत्रूभाऊ?"

"काई नाई बाई. सब्बल हाय."

"जुनीच का?"

पत्रूने सब्बल खाली ठेवली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाई, मी हुकमाचा माणूस."

"मले ठाव हाय. म्हणून तर तुलेच बलावलं."

"मालकाले त्या पायाचं मालूम नाई. मी सुताराच्या माथी मारलं होतं."

"मंग आताबी नको सांगू. सांगशीन तर तो तुलेच पुढं ढकलन आन् आपून हात झटकन. केवळरामाले ढकललं तसा." तिने जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "तू ठोकलं, तू काढ. बाकीचं माह्यावर."

पत्रूने कपाळावरचा घाम पुसला. मग सब्बल खांद्यावर टाकून आल्या वाटेने गेला. त्याने मालकाला सांगितलं असतं तर सगळा डाव उधळला असता, आणि देवकाबाईला ते दहा-बारा दिवस अन्न गेलं नाही. पण पत्रू गप्प राहिला. अकरा वर्षं मूग गिळून बसलेल्याला आणखी दहा-बारा दिवस कठीण नसतात.

सह्यांच्या आदल्या दिवशी खुशाल आला.

"वहिनी, तुह्या मनात काईतरी हाय. मी तुले वळखतो. उद्या अंगठा दे आन् मोकळी हो. या पाण्यावर आपली बारा घरं जगतीन. बाया नदीवरून पाणी आणून राह्यल्या, तू पाहतच हायेस."

"बारा घरं," देवकाबाई म्हणाली. "तवाबी बाराच होती ना?"

"कवा?"

"खांदा द्याले."

खुशाल आल्या पावली गेला.

तो गेल्यावर मात्र तिने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. बाया खरंच नदीवर जात होत्या, दोन कोस. उद्या पाय निघाल्यावर गुणवंतराव चिडून कागद फाडतील, योजना बुडेल, आणि त्या बायांच्या डोक्यावरच्या घागरी देवकाबाईच्या नावाने राहतील. केवळराम असता तर म्हणाला असता, जाऊ दे. सगळ्यांना तो जाऊ देच म्हणायचा. म्हणूनच तर त्याला चार परक्यांनी नेलं. योजना बुडाली तर बुडू दे, असं ती स्वतःला मोठ्याने म्हणाली, आणि ते आपल्यालाच धड पटत नाही हेही तिला कळलं. तरी ती मागे हटणार नव्हती.

सकाळी सहा माणसांनी दिवाण पाळीवर आणला. गुणवंतराव आणि खाणीचे मॅनेजर त्यावर बसले, देशकर एका टोकाला कागद घेऊन. गाव समोर भुईवर बसलं, सवयीप्रमाणे. मासे दोन दिवस आधी बोडीत गेले होते. तुडूमाच्या तळाशी मांडीइतकं गढूळ पाणी उरलं होतं. पत्रू उतरला. त्याने हात घातला आणि तसाच वाकून राहिला.

"निंगत नाई," तो म्हणाला.

"अरे, बैलासारखा वाढलास आणि दट्ट्या निघत नाही?" गुणवंतराव वरून हसले. गावही थोडं हसलं.

देवकाबाई पायरीवर उभी होती.

"जसा ठोकला तसाच काढ, पत्रूभाऊ," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हसणं थांबलं.

पत्रूने दोन्ही हात घातले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं, आणि लाकूड बाहेर आलं. कुजलेलं पोतं त्याला चिकटलं होतं. पाणी घों करत भोकात शिरलं. देवकाबाईने ते लाकूड त्याच्या हातून घेतलं, तिथेच धुतलं, पदराने पुसलं. आतून लाल लाख वर आली. ती पायऱ्या चढून आली आणि दिवाणाच्या त्या चौकोनी ठोकळ्याशेजारी तिने ते उभं करून ठेवलं.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोक अकरा वर्षं त्याच उंचीवर बसून तेच बघत आले होते. तीन पाय आणि हा चौथा, कड्याला कडं, लाखेला लाख. विटा थापणारी एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली.

गुणवंतरावांना वरून काही दिसेना. सगळे कुठे बघताहेत ते बघायला ते दिवाणावरून खाली उतरले, वाकले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या दिवाणाचे पाय पाहिले.

"हिनं चोरून आणला," ते म्हणाले. "हिनंच तिथी ठोकला."

"मी ठोकला," पत्रू खालून म्हणाला. तो अजून चिखलात उभा होता. "मालकानं सांगितलं म्हणून फोडलं. मंग पानी थांबेना, तवा हा ठोकला. केवळरामभाऊनं हातबी नव्हता लावला."

भोकातून पाणी जातच होतं. ते पाळीच्या पोटातून पलीकडे निघालं आणि सगळ्यांच्या देखत त्या पुण्याईच्या हिरव्या गवतात पसरलं.

गुणवंतरावांनी कागदांवर हात टाकला. "मग राहू द्या योजना. अशा लोकांसंगं भागीदारी मी करत नाई."

देवकाबाईला हेच भय होतं, आणि याचंच उत्तर तिने रात्रभर घोकलं होतं.

"फाडा, अध्यक्षसाहेब. पण काऊन फाडला ते चांद्याले लिवून धाडा. देशकरसाहेब तर लिवणारच हायेत."

देशकरने टोपण काढून लेखणी झटकली. "लिहावं तर लागेल," तो कोरडेपणाने म्हणाला. "सरकारी तलावाचं भोक फोडलेलं आहे आणि पाणी एकाच्या शेतात जातं आहे. करार झाला तर हे दुरुस्तीच्या कागदात जाईल. नाही झाला तर चौकशीच्या."

मॅनेजर दुसरीकडे बघू लागले. गुणवंतराव परत दिवाणावर बसले, पण बसणं पहिल्यासारखं नव्हतं.

"माह्या दोन गोष्टी लिवा," देवकाबाई म्हणाली. "पयली, खालचं भोक चुन्यानं कायमचं बुजवा. माशाचं पाणी कोनालेच नाई. आन् हा पाय शेवटल्या पायरीवर चुन्यात उभा करा. पाण्यात पाय बुडालेला असन तवरच धुवण बागांले, भट्ट्यांले. पाय उघडा पडला का सारं बंद, आन् बंदची नोटीस अध्यक्षांच्या सहीनं."

देशकरने क्षणभर विचार केला. "खूण म्हणून चालेल," तो म्हणाला, आणि लिहिलं. "दुसरी?"

"वर लिवा का तलावाचा पाणकर केवळराम यानं पाणी सोडलं नव्हतं. आन् त्याच्या खाली आधी अध्यक्षांची सही. मंग माहा अंगठा."

गुणवंतरावांची सही नेहमी लफ्फेदार असे. त्या दिवशी ती एवढीशी आली. देवकाबाईने शाई लावून अंगठा असा दाबला की कागदाच्या मागे उमटला.

लोक पांगल्यावर खुशाल तिच्यापाशी आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो तिच्या पायाशी वाकू लागला, तशी ती मागे सरली.

"वहिनी, माहं चुकलं."

"ते मले नको सांगू. ज्याले सांगाचं त्याले तू उचललं नाई."

खुशाल तसाच वाकलेला राहिला. ती त्याला तिथेच सोडून झोपडीकडे गेली. दया आली असती तर ती थांबली असती, आली नाही.

पावसाळ्यानंतर पाट पुरा झाला. धुवण तलावात आलं, खालून गळणं थांबलं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या विहिरीचा दोर चार हात आखूड झाला. गुणवंतरावांचं पाळीखालचं गवत वाळून पिवळं पडलं. गावात आता कोणी, तलावात पाणी किती, असं विचारत नसे. "पाय दिसतो का?" असं विचारी. धोबी विचारी, भट्टीवाला विचारी, शाळेत जाणारी पोरं मुद्दाम हवेलीवरून जाताना ओरडून विचारीत.

वैशाखाच्या शेवटी पाय उघडा पडला. देवकाबाई केवळरामाची काठी घेऊन हवेलीवर गेली. या वेळी ती भुईवर बसली नाही. दिवाण तिथेच होता, ठोकळा तिथेच होता, आणि गुणवंतराव दिवाणाच्या एका कडेला बसले होते. त्यांच्या बागेत संत्री कैरीएवढी झाली होती, आणखी एक पाणी मिळालं असतं तर तरली असती.

"किती दिसतो?" त्यांनी विचारलं.

"पयलं कडं."

"एकच कडं? दोन दिवस चालू ठेवू. बागेला एक पाणी देऊन बंद करू. तुझं काय जातं, देवका?"

देवकाबाईने नोटिशीचा कागद त्यांच्यापुढे धरला. हे शब्द ती बारा वर्षं तोंडात धरून बसली होती.

"वरचं सारं पाणी तुमाले देलं, मालक. हे माशाचं हाय. हे मी नाई काढत."

गुणवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. लेखणी शोधली आणि सही केली. शाई वाळेपर्यंत देवकाबाई तिथेच उभी राहिली.